युरोपने दूध पावडर फुकट दिली, पण साखरेसाठी दार किलकिलंच ठेवलं. यशवंतराव चव्हाणांच्या काळातली गोष्ट

गळीत हंगामात माळशिरस तालुक्यात कधी गेलात, तर रस्त्यावर एकच गोष्ट दिसते. ऊस. अकलूज, माळीनगर, सदाशिवनगर, श्रीपूर, कुठल्याही बाजूला वळा, ट्रॅक्टरच्या मागे उसाने खच्चून भरलेल्या ट्रॉल्या कारखान्याच्या दिशेने चाललेल्या असतात. आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो. यंदा टनाला किती?

आपल्याला वाटतं या प्रश्नाचं उत्तर कारखान्याच्या चेअरमनकडे असतं. फार तर मुंबईत किंवा दिल्लीत. पण १९७० च्या दशकात या उत्तराचा एक छोटासा तुकडा थेट बेल्जियममधल्या ब्रुसेल्स शहरात ठरत होता. आणि त्याच काळात दिल्लीत आधी अर्थखातं आणि मग परराष्ट्र खातं सांभाळत होते ते सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या शेतकऱ्याच्या घरातून आलेले यशवंतराव चव्हाण.

चव्हाण म्हटलं की आपल्याला मंगलकलश आठवतो, चीन युद्धानंतर सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला ते आठवतं. पण श्रीमंत देशांचा एक गट गरीब देशांना मदत कशी देतो आणि व्यापार करताना हात कसा आखडता घेतो, हे ज्या मराठी नेत्यांनी सरकारात बसून जवळून पाहिलं त्यात त्यांचं नाव वर लागतं. हा भाग फारसा सांगितला जात नाही.

तर सुरुवात करू १९३२ पासून.

एक साल, तीन गोष्टी

माळशिरस तालुका तसा पर्जन्यछायेतला. पावसाच्या भरवशावर इथं ज्वारी, बाजरीच व्हायची. चित्र बदललं ते भाटघर धरण आणि नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने. पाणी आलं, ऊस आला. पण नुसता ऊस येऊन भागत नाही, साखर विकली पण गेली पाहिजे. त्या काळात भारतात जावा बेटावरून स्वस्त साखर यायची. तिच्यापुढे इथला कारखाना टिकणं अवघड होतं.

१९३२ साली सरकारने साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला आणि बाहेरून येणाऱ्या साखरेवर जबर जकात बसवली. त्यानंतर देशभर कारखान्यांची लाट आली. पुण्याजवळच्या सासवडहून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन माळीनगरचा कारखाना उभा केला तो याच दशकात. म्हणजे इथला ऊस कालव्याने वाढवला, पण कारखाना उभा राहिला तो जकातीच्या भिंतीआड.

त्याच १९३२ साली कॅनडातल्या ओटावामध्ये ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांची परिषद झाली. साम्राज्यातल्या देशांनी एकमेकांच्या मालावर कमी जकात लावायची असं ठरलं. भारताच्या मालाला ब्रिटनच्या बाजारात सवलतीचं दार मिळालं ते तिथून.

आणि त्याच वर्षी कराडमध्ये विशीच्या आतला एक विद्यार्थी स्वातंत्र्य चळवळीत पकडला गेला. अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तो विद्यार्थी म्हणजे यशवंतराव. जकात, साम्राज्याचा बाजार आणि हा पोरगा, या तिन्ही गोष्टी चाळीस वर्षांनी एकाच टेबलावर येणार होत्या.

देवराष्ट्रेचा पोरगा मुख्यमंत्री होतो

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्रे गावातला. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. वडील बळवंतराव लवकर गेले. आई विठाबाईंनी हालअपेष्टा काढून मुलांना वाढवलं. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शाळा, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ ला बीए आणि पुण्यातून १९४१ ला वकिली.

१९४२ ला त्यांचं लग्न झालं फलटणच्या वेणूताईंशी. फलटण म्हणजे माळशिरसला लागून असलेला तालुका, त्याच नीरेच्या पाण्यावर पिकणारा. लग्नाला दोन-तीन महिने होतात तोच छोडो भारत आंदोलन पेटलं आणि यशवंतराव भूमिगत झाले. त्याची झळ वेणूताईंनाही बसली, त्यांनाही अटक झाली.

१९४६ ला आमदार, मग मंत्री, १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि १ मे १९६० ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. हा प्रवास सगळ्यांना माहिती आहे. इथं महत्त्वाचं आहे ते सहकारी साखर कारखान्यांचं.

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना यशस्वी करून दाखवला होता. त्याचा पहिला हंगाम १९५० च्या अखेरीस सुरू झाला. चव्हाणांच्या काळात हे मॉडेल राज्यभर पसरलं. शेतकऱ्यांनी शेअर्स घ्यायचे, सरकारने भागभांडवल घालायचं, कर्जाला हमी द्यायची असा तो मार्ग. माळशिरस तालुक्यात अकलूजला शंकरराव मोहिते-पाटलांच्या नेतृत्वाखाली सहकारी कारखाना उभा राहिला. आज त्या कारखान्याला त्यांचंच नाव आहे.

यावर टीकाही झाली, आजही होते. कारखान्यांभोवती सत्तेची घराणी तयार झाली, दुष्काळी भागातलं पाणी उसाने पिऊन टाकलं, हे आरोप खोटे नाहीत. पण एक गोष्ट खरी की ऊस उत्पादक शेतकरी पहिल्यांदा कारखान्याचा मालक झाला. आणि मालक झाला की बाजाराची काळजीही त्याच्याच गळ्यात येते.

मदत कशी मिळते याचा पहिला धडा

१९६२ ला चीनच्या युद्धानंतर नेहरूंनी चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. सैन्य उभं करायचं तर शस्त्रं पाहिजेत आणि त्यासाठी बाहेरची मदत पाहिजे. १९६४ च्या मे महिन्यात ते त्यासाठी अमेरिकेत होते. तिथं असतानाच नेहरू गेल्याची बातमी आली.

अमेरिकेने मदत केली, पण भारताला हवी असलेली आधुनिक लढाऊ विमानं दिली नाहीत. पुढे भारताने सोव्हिएत रशियाच्या मिग विमानांवर भर दिला आणि ती इथंच बनवायचा करार पुढे नेला. देणारा त्याला सोयीचं तेच देतो, हा धडा इथं मिळाला.

पुढे गृहमंत्रिपद झालं आणि जून १९७० ला चव्हाण देशाचे अर्थमंत्री झाले. आता गोष्टीत युरोप येतो.

कॉमन मार्केट म्हणजे काय भानगड होती?

१९५७ ला फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी रोममध्ये करार केला आणि युरोपियन आर्थिक समुदाय तयार झाला. यालाच ईईसी किंवा कॉमन मार्केट म्हणायचे. आजच्या युरोपियन युनियनचं हे जुनं रूप. आपसात जकात नाही आणि बाहेरच्या मालाला सगळ्यांची मिळून एकच जकात, असा हा मामला.

या गटाने आपल्या शेतकऱ्यांसाठी जे धोरण आणलं ते समजून घ्यायला हवं. शेतमालाला ठरावीक भावाची हमी, बाहेरून येणाऱ्या मालावर भिंत आणि जास्तीचा माल सरकारने विकत घ्यायचा. भाव पक्का म्हटल्यावर शेतकरी पिकवणारच. बघता बघता युरोपच्या गोदामांमध्ये लोणी आणि दूध पावडरीचे डोंगर साठले. लोक त्याला खरोखरच लोण्याचा डोंगर म्हणायचे.

आता हा डोंगर करायचा काय? बाजारात ओतला तर जगभरचे भाव पडणार. मग त्यातला काही भाग गरीब देशांना मदत म्हणून द्यायचं ठरलं.

फुकटच्या पावडरीचं भारताने काय केलं?

जुलै १९७० ला ऑपरेशन फ्लड सुरू झालं. योजना डॉ. वर्गीस कुरियन यांची, पण पैसा उभा राहिला तो युरोपच्या पावडरीतून. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत पहिल्या टप्प्यासाठी १ लाख २६ हजार टन दूध पावडर आणि ४२ हजार टन बटर ऑइल भारताला मिळालं.

यातली खरी हुशारी पुढे आहे. ही पावडर फुकट वाटली नाही. तसं केलं असतं तर गावातल्या दुधाचा भाव कोसळला असता आणि शेतकऱ्याने म्हशी विकल्या असत्या. त्याऐवजी ती मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांच्या डेअऱ्यांना विकली. डेअऱ्यांनी त्यात पाणी आणि ताजं दूध मिसळून ग्राहकाला दूध दिलं. या विक्रीतून पहिल्या टप्प्यात सुमारे ११६ कोटी रुपये उभे राहिले आणि ते गावातल्या संकलन केंद्रांवर, शीतकरण केंद्रांवर, टँकरवर खर्च झाले.

या योजनेवर कडक टीकाही झाली. पावडरीची सवय लागेल, शहरांच्या दुधासाठी गावातलं दूध ओढलं जाईल, अशी भीती अनेकांनी बोलून दाखवली. पण मदतीला विकून त्यातून स्वतःची यंत्रणा उभी करायची, ही कल्पना बऱ्याच प्रमाणात चालली.

माळशिरससारख्या तालुक्यात दुधाचं मोल वेगळंच आहे. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो, बिल त्यानंतर येतं, तेही तुकड्या-तुकड्याने. दुधाचा पगार मात्र दहा दिवसांनी हातात पडतो. घराचा किराणा, पोरांच्या शाळेची फी दुधावर चालते.

आणि साखरेचं काय झालं?

१ जानेवारी १९७३ ला ब्रिटन कॉमन मार्केटमध्ये गेला. भारतासाठी हा मोठा झटका होता. १९३२ पासून ब्रिटनच्या बाजारात मिळालेली सवलत आता टप्प्याटप्प्याने संपणार होती, कारण ब्रिटनलाही ईईसीची सामायिक जकात लावणं भाग होतं. ज्यूट, काथ्या, सुती कापड, साखर, सगळ्यालाच फटका बसणार होता.

वेळही वाईट होती. बांगलादेश युद्धाचा आणि निर्वासितांचा खर्च झालेला. युद्धात अमेरिकेने मदत थांबवली होती. १९७२ चा दुष्काळ पडलेला, सोलापूर जिल्ह्यात माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. १९७३ चं बजेट चव्हाणांनी मांडलं, त्यात ५५० कोटींची तूट होती. तेच बजेट पुढे काळं बजेट म्हणून ओळखलं गेलं. त्याच वर्षाच्या अखेरीस तेलाचे भाव भडकले. परकीय चलनाचा एकेक डॉलर मोजून खर्च करायची वेळ होती.

अशात १७ डिसेंबर १९७३ ला भारत आणि ईईसी यांच्यात व्यापारी सहकार्याचा करार झाला. वाटाघाटींचा विषय वाणिज्य खात्याचा होता, पण निर्यातीतून काय येतं आणि काय जातं याचा हिशेब चव्हाणांच्या खात्यातच लागायचा. करारातून एक संयुक्त आयोग मिळाला, बोलायला जागा मिळाली. खास सवलतीचं दार मात्र उघडलं नाही.

ऑक्टोबर १९७४ ला चव्हाण परराष्ट्रमंत्री झाले. चारच महिन्यांत, फेब्रुवारी १९७५ ला, ईईसीने आफ्रिका, कॅरिबियन आणि प्रशांत महासागरातल्या ४६ देशांसोबत लोमे करार केला. टोगो देशाच्या राजधानीत झाला म्हणून लोमे करार. या देशांच्या जवळपास सगळ्या मालाला युरोपात जकात माफ, सोबत मोठी आर्थिक मदत. यात बहुतेक युरोपच्या जुन्या वसाहती होत्या. मग भारत? भारत बाहेर. एवढा मोठा देश आत घेतला तर सवलती आणि मदत दोन्हींचा मोठा वाटा तोच घेईल, ही भीती त्यामागे होती.

साखरेचा मात्र अपवाद झाला. ब्रिटनसोबतच्या जुन्या राष्ट्रकुल साखर कराराची मुदत १९७४ ला संपली होती आणि त्यात भारताचाही कोटा होता. म्हणून जुलै १९७५ ला भारतासोबत वेगळा साखर करार झाला. वर्षाला २५ हजार टन साखर युरोप हमीच्या भावाने घेणार.

आता हा आकडा किती मोठा? थोडा हिशेब करू. ११ टक्के उतारा धरला तर २५ हजार टन साखरेला सव्वादोन लाख टनांच्या आसपास ऊस लागतो. दिवसाला अडीच हजार टन ऊस गाळणारा एक कारखाना तीन महिन्यांत एवढी साखर तयार करतो. म्हणजे अख्ख्या भारताचा कोटा माळशिरस तालुक्यातला एकच कारखाना एका हंगामात भरून देऊ शकला असता. तेव्हा सव्वाआठ-नऊ लाख लोकवस्तीच्या मॉरिशसला मिळाला होता ४ लाख ८७ हजार टनांचा कोटा.

अर्थात मॉरिशसची सगळी अर्थव्यवस्थाच साखरेवर होती आणि भारत आपली बहुतेक साखर घरीच खात होता, हेही खरं. पण भिंत किती उंच होती ते यातून कळतं.

कोटा मिळाला, मग हातातून गेला

गंमत बघा, करार झाला तेव्हा भारताला त्या कोट्याची फारशी गरजच वाटत नव्हती. नोव्हेंबर १९७४ ला जगात साखरेचा भाव पौंडाला ६० सेंटच्या वर गेला होता. भारताने भरपूर साखर बाहेर विकली, परकीय चलन कमावलं. पण दोन-तीन वर्षांत हाच भाव १० सेंटच्या खाली आला. तेव्हा हमीच्या भावाची किंमत कळली.

या पैशातला शेतकऱ्यापर्यंत किती पोचला हा प्रश्न वेगळाच. कारखान्याच्या साखरेतला मोठा हिस्सा सरकार लेव्ही म्हणून ठरलेल्या कमी भावाने रेशनसाठी घ्यायचं, आणि निर्यातही ठरवून दिलेल्या संस्थांमार्फतच व्हायची. म्हणजे बाहेर भाव वाढला तरी तो थेट अकलूजच्या शेतकऱ्याच्या खात्यात येत नव्हता.

पुढे १९७९-८० ला देशातलं साखरेचं उत्पादन घसरलं. घरातच टंचाई, मग युरोपला पाठवणार कुठून? भारताने ठरलेली साखर पाठवली नाही आणि ईईसीने नियमावर बोट ठेवून १९८१ ला भारताचा कोटा शून्यावर आणला. नंतर दोन वर्षांनी तो परत मिळाला, पण २५ नाही, फक्त १० हजार टनांचा.

तोपर्यंत युरोपनेही बाजू बदलली होती. आपल्या बीट उत्पादक शेतकऱ्यांना दिलेल्या भावामुळे युरोपात साखर इतकी झाली, की अनुदान देऊन ती जगाच्या बाजारात विकायला लागली. म्हणजे आपल्या दारात भारताची साखर मोजून घ्यायची आणि बाहेर भारताच्याच गिऱ्हाइकांना स्वस्त साखर विकायची. पुढे ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंडने या अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि २००५ ला ते जिंकले.

मदतीची बाजू मात्र चालू राहिली. १९७६ पासून ईईसीने लोमे कराराबाहेरच्या गरीब देशांसाठीही थोडी आर्थिक मदत सुरू केली, त्यात भारत होता. दूध पावडर तर ऑपरेशन फ्लडच्या दुसऱ्या टप्प्यातही येत राहिली. जे युरोपला जड झालं होतं ते सहज मिळालं. जे युरोपच्या शेतकऱ्याशी स्पर्धा करणार होतं ते मोजून मिळालं.

शेवटचं काम वाटणीचंच

परराष्ट्रमंत्री म्हणून चव्हाणांच्या काळात १९७६ ला चीन आणि पाकिस्तानशी पुन्हा राजदूत पातळीवर संबंध सुरू झाले. पण हाच काळ आणीबाणीचा होता. त्या वेळी ते सरकारातच राहिले, याबद्दल त्यांच्या चाहत्यांनीही त्यांना प्रश्न विचारले. १९७७ ला ते लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले, १९७९ ला काही महिने उपपंतप्रधान.

मग राजकारणात ते बाजूला पडत गेले. शेवटची जबाबदारी मिळाली ती आठव्या वित्त आयोगाच्या अध्यक्षपदाची. केंद्राच्या पैशातला वाटा राज्यांना कसा द्यायचा, हे ठरवणारा हा आयोग. मोठ्याने लहानाला किती द्यायचं आणि ते मदत म्हणून द्यायचं की हक्क म्हणून, हा तोच प्रश्न, फक्त आता घरातला.

१ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. त्या धक्क्यातून यशवंतराव सावरले नाहीत. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

भारत आणि युरोपमध्ये मुक्त व्यापार कराराची बोलणी २००७ ला सुरू झाली, २०१३ ला थांबली आणि २०२२ ला पुन्हा सुरू झाली. त्यात सगळ्यात नाजूक विषयांमध्ये कोणती नावं होती माहिती आहे? दूध आणि साखर. फरक इतकाच की आता भिंत भारतालाही हवी होती. युरोपचं स्वस्त चीज आणि पावडर मोकळी आली तर दहा दिवसांच्या पगारावर घर चालवणाऱ्याचं काय, ही काळजी आता आपल्या बाजूची होती.

म्हणून पुढच्या वेळी अशा एखाद्या कराराची बातमी आली, तर मदतीचा आकडा मोठा असेल तो वाचाच, पण त्याच्यासोबत अजून एक ओळ शोधा. आपला कोणता माल, किती टन आणि किती जकातीने आत घेणार आहेत? माळशिरसच्या शेतकऱ्याच्या कामाचा आकडा तोच असतो.